बरा न होणारा चट्टा : त्वचेतील लिम्फोमाचे निदान कसे होते?

रक्ताचा कर्करोग म्हटला की ताप, अशक्तपणा आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी आठवतात. पण यातले काही दुर्मीळ आजार आधी त्वचेवर दिसतात आणि त्या वेळी रक्ताचा रिपोर्ट बहुधा नॉर्मल असतो. ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हा त्यांतला सर्वाधिक आढळणारा प्रकार. यात ‘टी’ जातीच्या पांढऱ्या पेशी त्वचेत बिघडून वाढतात. फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी १८०६ मध्ये पाहिलेल्या रुग्णाच्या गाठी अळंबीसारख्या होत्या, म्हणून हे नाव. बुरशीशी याचा संबंध नाही आणि तो संसर्गजन्यही नाही.

गल्लत कशाशी होते?

अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात कमरेला, मांडीला गजकर्ण होणे नेहमीचेच. हा आजारही सहसा कंबर, नितंब, मांड्या अशा कपड्यांनी झाकलेल्या जागी सुरू होतो. त्यामुळे तो गजकर्ण, इसब किंवा सोरायसिस समजला जातो. सावळ्या त्वचेवर, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, फिकट चट्टेही येतात. तपोवनमुळे कुष्ठरोग परिचित असलेल्या अमरावतीत असा चट्टा पाहून घरचे घाबरतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. या आजारात तो सहसा कळतो. तरीही निदान घरी करू नका.

शंका कधी घ्यावी?

- योग्य उपचार करूनही चट्टे काही महिने टिकले किंवा पुन्हा पुन्हा आले
- चट्टा जाड होऊ लागला किंवा त्यावर गाठ आली
- अंगभर लाली, असह्य खाज, काखेत किंवा जांघेत गाठी

निदान कसे होते?

त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हा पाया आहे. जागा बधिर करून साधारण ४ ते ६ मिलिमीटरचा तुकडा काढतात. बायोप्सीने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे.

दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने चट्टा दबतो आणि तपासणी फसवी येऊ शकते. म्हणून लावलेली सगळी मलमे डॉक्टरांना दाखवा. ती बायोप्सीपूर्वी काही आठवडे थांबवावी लागतात.

सुरुवातीच्या काळात पहिल्या बायोप्सीत आजार दिसेलच असे नाही. चट्टे कायम असतील तर ती पुन्हा करावी लागते. त्यानंतर पेशींवरील खुणा (सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी७) आणि गरजेनुसार जनुकीय चाचणी होते. अंगभर लाली असल्यास ‘सेझारी सिंड्रोम’ ओळखण्यासाठी रक्ताची फ्लो सायटोमेट्री करतात.

कुठे जावे?

आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय येथे सुरुवात करता येईल. पुढे नागपूर किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात पाठवले, तर बायोप्सीचा मेणातला ब्लॉक, काचपट्ट्या आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

आजार त्वचेपुरता आणि थोड्या भागात असेल तर मलमे किंवा प्रकाशोपचार बहुधा पुरतात. लगेच केमोथेरपी लागत नाही. अशा रुग्णांपैकी बहुतेकांचे आयुष्यमान जवळपास इतरांसारखेच असते. म्हणून टिकून राहिलेल्या चट्ट्यावर मलम बदलत बसू नका, “याची बायोप्सी करावी का?” असे डॉक्टरांना विचारा.