आजोबांचं 'सोवार'

परवा नगरच्या घरी आवराआवर करताना आजोबांचं चावीचं घड्याळ सापडलं.. वेस्ट एंडचं 'सोवार प्रायमा'. आजोबा इथेच आर्मर्ड कोअरमध्ये होते. रणगाड्यावरच्या जवानाचा हुद्दा आजही 'सोवार', म्हणजे घोडेस्वार! कंपनीचं यंत्र स्विस, पण पहिल्या महायुद्धापासून ही घड्याळं खपली ती हिंदी सैनिकांत. नाव उगाच नव्हतं.

काकांचा फोन, "खरं असेल तर विकूया."

झाकण उघडलं. आतल्या मशीनवर कंपनीचं नाव अगदी रेखीव. तबकडीवर मात्र तेच नाव जाड, थोडं तिरकं. सहाच्या खाली 'स्विस मेड' नाहीच. काट्यांतलं रेडियम तपकिरी पडलंय आणि आकड्यांवरचे ठिपके पांढरेफेक. (ते रेडियम खरवडू नका बरं का! चमक जाते, किरणोत्सर्ग जात नाही. अर्धायुष्य १६०० वर्षं.) म्हणजे तबकडी रंगवलेली, किंमत पडली.

पण झाकणाच्या आत दुरुस्तीवाल्यांनी सुईने कोरलेल्या तारखा सापडल्या. शेवटची १९६८ ची. आजोबा तेव्हा नोकरीत होते. त्या काळी तबकडी रंगवून घेणं म्हणजे चपलेला नवा तळ मारण्यासारखंच. त्यात फसवाफसवी नव्हती. आज बाजारात चार घड्याळांचे भाग जोडून 'जुनं' म्हणून विकतात, ते वेगळं.

काकांना कळवलंय, मशीन अस्सल, तबकडी रंगवलेली. विकायचं तर तसं सांगूनच. अजून उत्तर आलेलं नाही..