मुंबईच्या जुन्या चाळी आणि दुरुस्तीचा उपकर

राजानें प्रजेपासून कर घ्यावा आणि त्यांतून रस्ते, पूल, तलाव बांधावे, ही गोष्ट आपल्याकडे कोणास नवी नाहीं. परंतु एखाद्या गृहस्थाच्या घराची कुजलेली तुळई सरकारनें करांतून बदलून द्यावी, ही कल्पना तितकी जुनी नाहीं, आणि ती ऐकतांच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. घर ज्याचें, त्यानें तें सांभाळावें, हा न्याय उघड दिसतो. मुंबई शहरांत मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ या न्यायाला फांटा द्यावा लागला आहे. तो कां द्यावा लागला, आणि देऊन काय साधलें, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हकीकतीचा आरंभ १८९६ सालच्या प्लेगपासून केला पाहिजे. त्या सांथीनें मुंबईच्या अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांकडे सरकारचें लक्ष ओढलें आणि १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें गल्ल्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पण जितकीं बिऱ्हाडें उठविलीं तितकीं वसविलीं नाहींत. पुढें १९२० मध्यें गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट खातें निघालें. वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळी त्याच खात्यानें बांधल्या. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता; उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी, म्हणजे सुमारें १६,००० खोल्या. त्यांच्या खर्चाकरितां शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया जकात बसविली होती. ज्या कापसावर गिरण्या चालत त्यावरच गिरणीकामगाराच्या खोलीचा भार टाकावा, यांत कांहीं एक औचित्य होतें, असें आम्हांस वाटतें; मग त्या खोल्या आरंभीं कित्येक वर्षें पुष्कळशा रिकाम्या राहिल्या, ही गोष्ट निराळी. परंतु हा सारा विचार नव्या घरांचा झाला. जुन्या घरांचें काय, हा प्रश्न अजून कोणास सुचला नव्हता.

तो उत्पन्न झाला भाडेनियंत्रणांतून. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्यें, भाड्यांवर निर्बंध आले होते. पण ज्याची छाप शहरावर कायमची बसली तो कायदा १९४७ चा. त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण धरलें. युद्धकाळच्या महागाईंत भाडेकरू रस्त्यावर पडूं नये, हा हेतु निःसंशय चांगला होता. पण महागाई युद्धाबरोबर संपली नाहीं. चुना, लांकूड, सुताराची मजुरी, सारें वाढत गेलें. भाडें मात्र जागच्या जागीं राहिलें. मालकानें हिशेब केला आणि गवंड्याला बोलावणें सोडून दिलें. त्याला सरसकट दुष्ट ठरविण्यास आम्ही तयार नाहीं. वर्षाचें उत्पन्न एका जिन्याच्या दुरुस्तीलाही पुरत नसेल, तर जिना कोणीं दुरुस्त करावा?

दुसऱ्या बाजूस भाडेकरूही निव्वळ भाडेकरू राहिला नव्हता. त्यानें खोलींत शिरतांना पागडी मोजली होती. त्याचा हक्क बापाकडून मुलाकडे जात होता. कायद्याच्या पुस्तकांत घर मालकाचें, वहिवाटींत घर भाडेकरूचें, आणि छप्पर गळूं लागलें म्हणजे तें कोणाचेंच नाहीं, अशी ही स्थिति होती.

ज्यांनीं गिरगांव, काळबादेवी किंवा लालबाग येथील चाळींत दिवस काढले आहेत त्यांस त्या स्थितीचें चित्र काढून दाखविण्याची गरज नाहीं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या. बाहेरून लांबच लांब सज्जा, टोंकाला सामाईक संडास. पाणी मोरींतून झिरपून प्रथम तुळईचें टोंक खातें. मग एके दिवशीं खालीं टेकू लागतो. आमच्या बाळपणीं असा एक टेकू शेजारच्या जिन्याखालीं उभा होता. आम्ही मुलें त्याच्याभोंवतीं लपंडाव खेळत असूं, आणि तो तात्पुरता आहे हें आम्हांस मोठें झाल्यावर कळलें.

साठाच्या दशकांत घरें कोसळूं लागलीं आणि दर पावसाळ्यांत माणसें मरूं लागलीं, तेव्हां सरकारला जाग आली. १९६८ च्या बेडेकर समितीच्या शिफारशींवरून १९६९ मध्यें मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटावरील जुन्या खासगी इमारतींवर त्यानें एक उपकर बसविला. १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या इमारती ‘अ’ वर्गांत, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गांत आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गांत घातल्या. सर्व मिळून १९,६४२ इमारती झाल्या, आणि त्यांतील १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गांतल्या होत्या. उपकर महानगरपालिकेनें घरपट्टीबरोबर वसूल करावा, त्यांत राज्य सरकारनें व पालिकेनें आपली भर घालावी, आणि त्या निधींतून मंडळानें खांब, तुळया, भिंती, जिने यांची मुख्य दुरुस्ती करावी, अशी व्यवस्था होती. हा बोजा भाडेकरूकडे वळविण्याची मालकास मुभा असल्यामुळें भाड्याच्या पावतीवर दुरुस्ती उपकराची एक वेगळी ओळ येऊं लागली.

या योजनेंतील मर्म आमच्या मतें असें कीं, तिनें दुरुस्ती ही एकेका घराची बाब ठेविली नाहीं. ज्याची चाळ आज धड आहे त्यानेंही भरावयाचें, आणि ज्याची उद्यां खचेल त्याला त्यांतून मिळावयाचें. जणू साऱ्या बेटानें मिळून घातलेली एक भिशीच. आमच्या घराला दुरुस्ती नको असतां आम्हीं कां भरावें, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयानें कर वैध ठरविला. हजारों इमारती या पैशानें उभ्या राहिल्या, हें योजनेच्या निंदकांनींही विसरूं नये.

तथापि योजनेच्या पायांतच एक भेग होती, आणि ती कोणीं फारशी बोलून दाखविली नाहीं. उपकर आकारावयाचा तो करपात्र मूल्यावर. तें मूल्य ठरावयाचें भाड्यावरून. आणि भाडें तर १९४० सालीं गोठलेलें! ज्या दोरीनें मालकाचे हात बांधले होते तीच दोरी कराच्याही गळ्याला लागली. शिवाय दर चौरस मीटरमागें दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा घातलेली होती. खर्च तिच्यापलीकडे जाऊं लागला कीं वरचे पैसे रहिवाशांनीं घालावे, नाहीं तर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असें ठरावें. मग बिऱ्हाडें संक्रमण शिबिरांत जात. त्या शब्दांतील ‘संक्रमण’ किती लांबावें याला सीमा राहिली नाहीं. तेथें जन्मलेल्या मुलांचीं लग्नें तेथेंच झालीं.

१९७७ च्या डिसेंबरांत म्हाडा अस्तित्वांत येऊन मंडळ तिच्यांत मिळालें. १९८६ मध्यें कायद्यांत आणखी एक प्रकरण घातलें गेलें: शेंकडा ७० रहिवाशांनीं सहकारी संस्था करून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकास देऊन इमारत संपादन करावी. मालकांची संघटना याविरुद्ध न्यायालयांत उभी राहिली. खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संपत्ति मानतां येईल काय, या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठानें ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं बहुमतानें सांगितलें कीं, प्रत्येक खासगी मालमत्ता तशी मानतां येणार नाहीं. गळक्या छपरांवरून निघालेला वाद घटनेच्या एकोणचाळिसाव्या कलमापर्यंत पोंचला, आणि त्याला तीस वर्षांहून अधिक लागलीं. यादरम्यान १९९१ च्या विकास नियमावलीनें जादा चटईक्षेत्र देऊं केल्यावर दुरुस्तीपेक्षां पुनर्विकासाकडेच सर्वांचे डोळे लागले. जेथें जमिनीला भाव तेथें मनोरे उठले. जेथें भूखंड लहान, भाडेकरू फार, तेथें टेकू राहिले.

आणि टेकूवर राहतें कोण? मुलें डोंबिवलीला, विरारला गेलीं. मागें राहिलीं तीं बहुतकरून म्हातारीं माणसें. निवृत्तिवेतन तुटपुंजें, गुडघे दुखरे. पण औषधाचें दुकान, देऊळ आणि ओळखीचा भाजीवाला खालींच आहेत, म्हणून तीं हलत नाहींत. आमच्या परिचयाच्या एका आजी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. उपकराची ओळ असलेल्या पावत्या त्यांनीं लग्नापासून आजतागायत एका पत्र्याच्या डब्यांत जपून ठेविल्या आहेत. इतकीं वर्षें भरलेल्या पैशांबद्दल आपल्याला एक जिना मिळाला, असें त्या सांगतात. आणि तो जिना खरोखर चांगला आहे.

दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतें. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारानजीक हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसें दगावलीं, तेव्हांपासून ती यादी अधिक काळजीनें वाचली जाते. आजी ती नातवाकडून वाचवून घेतात. या वर्षीं आपल्या चाळीचें नांव नाहीं एवढें ऐकलें कीं त्या चहा ठेवतात.