तपकिरी डोक्याचा काउबर्ड

तपकिरी डोक्याचा काउबर्ड (शास्त्रीय नाव: मोलोथ्रस एटर) हा उत्तर अमेरिकेतील मोकळ्या प्रदेशात आढळणारा, इक्टेरिडी कुळातील गायक पक्षी आहे. नर चकचकीत काळा असून त्याचे डोके तपकिरी असते. मादी राखट तपकिरी दिसते. धान्य, गवताचे बी आणि चरणाऱ्या जनावरांच्या पायांमुळे उडणारे कीटक हे त्याचे खाद्य होय.

प्रसार

पूर्वी हा पक्षी मुख्यतः खंडाच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात बायसनांच्या कळपांमागे वावरत असे. युरोपीय वसाहतींच्या काळात जंगले तोडून शेते व कुरणे झाली, बायसनांची जागा गुरांनी घेतली आणि हा पक्षी दोन्ही किनाऱ्यांपर्यंत पसरला.

प्रजनन

कोकिळेप्रमाणेच हा पक्षी घरटे बांधत नाही. २००हून अधिक जातींच्या घरट्यांत त्याची अंडी आढळली आहेत. एक मादी हंगामात सुमारे ४० अंडी घालू शकते. पिल्लू लवकर बाहेर येते व अधिक अन्न मिळवते. त्यामुळे यजमानाची पिल्ले अनेकदा उपाशी मरतात.

संवर्धन

प्रसारामुळे या परजीवनाची सवय नसलेल्या जातींनाही झळ पोहोचली. मिशिगनमधील दुर्मीळ कर्टलंड वॉर्बलरच्या रक्षणासाठी १९७२पासून काउबर्ड पिंजऱ्यांत पकडले जाऊ लागले. त्याने वॉर्बलरची घट थांबली. परंतु संख्या वाढली ती त्याला घरट्यासाठी लागणारी जॅक पाइनची कोवळी वने विस्तारल्यानंतरच. २०१९मध्ये वॉर्बलरला अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळण्यात आले.