लहरींचे गायरान : घरातल्या वाय-फायमागचा भारतीय इतिहास

नवा स्मार्ट टीव्ही भिंतीवर बसतो, सुरू होतो आणि पडद्यावर नावांची एक यादी उमटते. त्यात घरच्या राउटरचे नाव असते, शेजारच्या चार घरांचीही असतात. आपले नाव निवडायचे, पासवर्ड भरायचा; अर्ध्या मिनिटात चित्रपट सुरू होतो. या अर्ध्या मिनिटात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पूर्वीचा दूरचित्रवाणी संच फक्त लहरी ग्रहण करीत असे. हा नवा संच स्वतः लहरी प्रक्षेपितही करतो. म्हणजे प्रत्येक घरात आज एक छोटे रेडिओ प्रक्षेपण केंद्र चालते आणि त्यासाठी कोणालाही अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही. भारतात ही मोकळीक फार जुनी नाही. ती मिळण्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात भौतिकशास्त्राइतकाच कायद्याचाही वाटा आहे.

या इतिहासाचा आरंभ कोलकात्यात होतो. १८९५ मध्ये तेथील टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी मधल्या भिंती ओलांडून पलीकडे पाठविल्या, त्यांच्या योगे घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. त्या काळी युरोपातील बहुतेक संशोधक लांब लहरींच्या मागे होते, कारण त्या दूर जात. बोस यांना प्रकाशाशी तुलना करता येतील अशा आखूड लहरी हव्या होत्या. त्यांच्या उपकरणांतून निघणाऱ्या लहरींची लांबी सुमारे ५ ते २५ मिलिमीटर होती. आजच्या भाषेत १२ ते ६० गिगाहर्ट्झ. घरातल्या वाय-फायची लहर २.४ गिगाहर्ट्झला साडेबारा सेंटीमीटर आणि ५ गिगाहर्ट्झला सुमारे सहा सेंटीमीटर लांब असते. तरंगनलिका, कर्ण्याच्या आकाराचे अँटेना, स्फटिकाचा शोधक अशी सूक्ष्मलहरींच्या तंत्रज्ञानातली पायाभूत साधने बोस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या तुटपुंज्या साधनसामग्रीत घडविली. गॅलिना स्फटिकाच्या शोधकावर त्यांना १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. तेही मित्रांच्या आग्रहामुळे, कारण ज्ञानावर मालकी सांगणे त्यांना रुचत नसे.

विज्ञान भिंती ओलांडत असताना कायदा मात्र कुंपण घालीत होता. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला. पुढे बिनतारी संदेशही त्याच व्याख्येत आले. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. नुसते बिनतारी उपकरण परवान्याशिवाय बाळगणे हाच अपराध ठरला. म्हणून घरात रेडिओ आला की टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी अवतरली, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आली; तिच्या संचालाही हाच नियम लागू झाला. घरगुती संचांवरचे हे परवाने १९८० च्या दशकाच्या मध्यात संपुष्टात आले.

या मधल्या काळात भारताने बिनतारी तंत्रज्ञानाचा एक असामान्य प्रयोग केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत थेट कार्यक्रम पोहोचविण्यात आले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री आणि तिच्याखाली गावाचा सामाईक संच असे त्याचे रूप होते. शेती, आरोग्य, शिक्षण हे विषय होते. पण संदेशाची दिशा एकच होती, आकाशातून गावाकडे. गावाला उलट बोलता येत नव्हते.

परदेशातील तीन धागे

दोन्ही बाजूंनी बोलणारे घरगुती जाळे तीन वेगळ्या धाग्यांतून विणले गेले.

पहिला धागा हवाईचा. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटांवरील संगणक रेडिओने जोडले. त्याचे नाव अलोहानेट. एकच वारंवारता अनेकांनी वापरायची असेल तर प्रत्येकाने वाटेल तेव्हा बोलावे, टक्कर झाली तर यादृच्छिक काळ थांबून पुन्हा बोलावे, इतका साधा नियम होता. गणित सांगते की या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्केच भाग उपयोगी पडतो. वाय-फायने त्यात सुधारणा केली. बोलण्याआधी ऐकायचे, वाहिनी मोकळी असेल तरच बोलायचे. आजही प्रत्येक टीव्ही हेच करतो.

दुसरा धागा ऑस्ट्रेलियाचा. खोलीत लहर भिंतींवर, कपाटांवर आपटून अनेक वाटांनी पोहोचते. एक वाट दुसरीपेक्षा पंधरा मीटर लांब असेल तर प्रतिध्वनी ५० नॅनोसेकंद उशिरा येतो आणि वेगाने पाठविलेली चिन्हे एकमेकांत मिसळतात. जॉन ओ’सुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. बाष्पीभवन होणाऱ्या छोट्या कृष्णविवरांकडून येऊ शकणाऱ्या रेडिओ स्पंदांचा शोध त्यांनी १९७० च्या दशकात घेतला होता. ते स्पंद सापडले नाहीत, पण विस्कटलेल्या संकेतांवर फूरियर गणिताने काम करण्याचा अनुभव गाठीशी राहिला. पुढे सीएसआयआरओ या संस्थेत त्यांनी व सहकाऱ्यांनी खोलीतल्या प्रतिध्वनींवर उपाय शोधला. १९९६ मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळाले. १९९९ च्या ८०२.११ए मानकात याच जातीची युक्ती दिसते. एक वेगवान प्रवाह ५२ संथ उपवाहकांत वाटायचा, आणि प्रत्येक चिन्हाच्या आधी ०.८ मायक्रोसेकंदाची मोकळी जागा सोडायची. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते; घरातले सगळे प्रतिध्वनी तोवर विरून जातात. ओ’सुलिव्हन यांनी एकट्याने वाय-फाय शोधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण त्यातल्या सर्वांत अवघड गाठींपैकी एक त्यांच्या गटाने सोडविली.

तिसरा धागा कायद्याचा. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या उपकरणांसाठी बाजूला काढला गेला. मायक्रोवेव्ह भट्टीसारखी यंत्रे तेथे गोंगाट करीत, म्हणून दळणवळणाच्या दृष्टीने ती पडीक जमीन मानली जाई. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या पडीक जमिनीवर अल्पशक्तीच्या दळणवळणास विनापरवाना मुभा दिली. गोंगाट सहन करू शकेल त्याने यावे, असा तो करार होता. त्यावरच १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आले. वेग सेकंदाला फक्त १ ते २ मेगाबिट.

मालमत्ता कोणाची?

भारतात मात्र आधी एक मूलभूत प्रश्न सुटायचा होता. १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र शासन यांच्यात वाद उद्भवला. शासनाचा आधार होता १८८५ चा तार कायदा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन व न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितले की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. शासनाची मक्तेदारी हे जणू निसर्गाचेच विधान आहे, ही समजूत त्या दिवशी मोडली.

सार्वजनिक मालमत्ता वापरण्याच्या दोन रीती गावगाड्याला ठाऊक आहेत. काही जमीन लिलावाने खंडाने दिली जाते; काही जमीन गायरान म्हणून सर्वांसाठी मोकळी ठेवली जाते. मोबाइल कंपन्यांच्या लहरी पहिल्या रीतीत बसतात. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा दुसऱ्या रीतीत आला. जास्तीत जास्त एक वॅट प्रक्षेपणशक्ती, मान्यताप्राप्त उपकरण, इतरांना व्यत्यय न आणण्याची अट. बाकी परवाना नाही. त्याच दिवशी ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे घरातील वापरासाठी खुले झाले. हे नियम १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांतील सूट देण्याच्या अधिकारातूनच निघाले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कुंपण तेच राहिले, त्यात एक फाटक उघडले गेले.

भारतीय संशोधक या फाटकाशी आधीच येऊन उभे होते. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन, प्रवीण भागवत आदींनी ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात घरातल्या तीस-चाळीस मीटरांसाठी बनविलेले वाय-फाय उंच मनोरे आणि दिशादर्शी अँटेना लावून खेड्याखेड्यांत कित्येक किलोमीटर नेले. अडचण प्रकाशवेगाचीच होती. ३० किलोमीटर जायला लहरीला १०० मायक्रोसेकंद लागतात. वाय-फाय मात्र पोच मिळण्याची वाट त्याहून फार कमी काळ पाहते आणि संदेश हरवला असे समजून तो पुन्हा पाठविते. शिवाय एकाच मनोऱ्यावरचे दोन अँटेना ‘आधी ऐका, मग बोला’ या नियमामुळे एकमेकांना विनाकारण अडवीत. रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये यावर उपाय मांडला. मनोऱ्यावरच्या सर्व अँटेनांनी एकाच वेळी बोलायचे आणि मग एकाच वेळी ऐकायचे.

अशाच लांब पल्ल्याच्या वाय-फायने तमिळनाडूतील थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालय आसपासच्या गावांतील दृष्टिकेंद्रांशी जोडले गेले. त्यात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग होता. गावातल्या केंद्रात बसलेला रुग्ण पडद्यावर डॉक्टरांशी बोलू लागला. बसभाडे आणि बुडालेली मजुरी यांपायी जो तपासणीच टाळत असे, त्याचा मोतीबिंदू वेळेत ओळखला जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. ‘साइट’च्या गावाला जे करता आले नव्हते, ते या गावांना करता आले, त्यांनी उलट उत्तर दिले.

टीव्ही अडखळतो तेव्हा

पुढची दोन दशके वेगाची होती. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड मानले जाई. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. स्पष्ट प्रतिमेच्या चित्रपटाला तेही पुरत नाही. त्यामुळे दाट वस्तीत टीव्ही अडखळतो तेव्हा दोष दर वेळी इंटरनेट सेवेचा नसतो. २.४ गिगाहर्ट्झचा सारा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या त्यात जेमतेम तीन मावतात. १, ६ आणि ११. पन्नास घरांच्या इमारतीत त्या तिन्हींवर झुंबड उडते. प्रत्येक संच शहाण्यासारखा आधी ऐकतो, आणि ऐकतच राहतो. टीव्हीपर्यंत पोहोचणारी शक्ती चांगल्या स्थितीतही साधारण एक नॅनोवॅट असते. शेजारची मायक्रोवेव्ह भट्टी शेकडो वॅटवर चालते आणि तिच्या दारातून झिरपणारा अंशही या नॅनोवॅटवर मात करतो. म्हणून ५ गिगाहर्ट्झचा उपयोग. तेथे जागा जास्त आहे, मात्र भिंती त्या लहरीला अधिक अडवितात. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर ५, मध्ये दोन भिंती असतील तर २.४, हा ढोबळ नियम यातूनच निघतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. गायरान एका अधिसूचनेने कित्येक पटींनी वाढले.

आता प्रश्न ६ गिगाहर्ट्झचा आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तेथील १,२०० मेगाहर्ट्झ एकदम खुले केले. भारतात मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५.९२५ ते ६.४२५ गिगाहर्ट्झ हा खालचा भाग अल्पशक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. वरचा भाग मोबाइल सेवांकडे जावा, असा कंपन्यांचा आग्रह राहिला आहे. त्यांची बाजू निराधार नाही. मनोऱ्यावरून दूरवर सेवा द्यायची तर व्यत्ययाविरुद्ध हमी लागते, आणि लिलावातून सरकारी तिजोरीत पैसा येतो. गायरानातून तिजोरीत थेट काहीच येत नाही. त्याचे उत्पन्न थेनीच्या दृष्टिकेंद्रात, कानपूरच्या प्रयोगात आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्याने स्वतः जोडलेल्या जाळ्यात दिसते. ताळेबंदात ते मांडणे कठीण असते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१२ च्या मतप्रदर्शनात नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही, असे स्पष्ट केले होते.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली. जुने कुंपण गेले, तरी किती जमीन खंडाने द्यायची आणि किती मोकळी ठेवायची, हा निर्णय दर पिढीला नव्याने करावाच लागेल. टीव्हीच्या पडद्यावर उमटणारी शेजाऱ्यांच्या नावांची ती यादी याच प्रश्नाची आठवण देते. त्या यादीतले प्रत्येक घर त्याच पट्ट्यात बोलत असते, आणि बोलण्याआधी दुसऱ्याचे ऐकण्याचा अलोहानेटपासून सुधारत आलेला शिष्टाचार पाळते, म्हणूनच सर्वांचे काम चालते.

#विज्ञानाचाइतिहास #वायफाय