प्रतिरोधी पिष्ट

लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात पोहोचणारा पिष्टाचा (स्टार्चचा) भाग. ही संज्ञा १९८२ मध्ये हान्स एंग्लिस्ट व सहकाऱ्यांनी रूढ केली. रासायनिकदृष्ट्या हे पिष्टच, पण वागणूक तंतूंसारखी.

पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावांत तांदूळ हेच मुख्य अन्न असल्याने हा विषय तेथे थेट ताटात येतो. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारपड शेतांसाठी ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण दिले. मात्र रक्तशर्करेच्या दृष्टीने वाणाच्या नावापेक्षा त्यातील अमायलोजचे (पिष्टाच्या एका घटकाचे) प्रमाण महत्त्वाचे. अमायलोज जास्त, तर भात मोकळा होतो व सावकाश पचतो. चिकट, गिचका भात साखर लवकर चढवतो.

शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. भात निवला की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात, आणि तेवढे पिष्ट प्रतिरोधी होते. रात्रीचा भात सकाळी बोटांना टणक लागतो तो यामुळेच. पुन्हा गरम केल्यावरही ही रचना बरीचशी टिकते. मोठ्या आतड्यातील जिवाणू हे न पचलेले पिष्ट आंबवून ब्युटिरेट तयार करतात, जे आतड्याच्या अस्तरपेशींचे प्रमुख इंधन होय.

तरी शिळा भात हे मधुमेहावरचे औषध नव्हे : प्रतिरोधी पिष्टातील वाढ थोडक्या ग्रॅमचीच असते, आणि ताटातल्या ढिगाचा हिशेब त्याने चुकत नाही. भात तासन्‌तास उघड्यावर ठेवल्यास बॅसिलस सिरियस या जिवाणूमुळे विषबाधा होऊ शकते. भात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा. कच्ची केळी, वाल व चवळी यांतही प्रतिरोधी पिष्ट आढळते.