तिर्रट
तीन पत्ती या जुगाराचे नांदेड, लातूर आणि एकूण मराठवाड्यात रूढ असलेले नाव. पोलिसांच्या छाप्यांच्या स्थानिक बातम्यांतही ‘तिर्रट जुगार’ असेच छापून येते. सगळे आधी बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकतात, प्रत्येकाला तीन पाने मिळतात, आणि मग पाने न बघता म्हणजे ब्लाइंड, किंवा बघून चाल, म्हणजे पैसे टाकणे, चालते. खेळायचे नसेल त्याने पॅक व्हावे, म्हणजे डाव सोडावा. बघून खेळणाऱ्याला ब्लाइंडवाल्याच्या किमान दुप्पट टाकावे लागतात.

तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत ट्रेल (तिन्ही सारखी पाने) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा क्रम) ४८, सिक्वेन्स (साधा क्रम) ७२०, कलर (तिन्ही एकाच चिन्हाची) १,०९६ आणि जोड्या ३,७४४. उरलेल्या १६,४४० संचांत, म्हणजे सुमारे ७४ टक्के वेळा, काहीच जुळत नाही. भारी पान क्वचितच येते, म्हणून आले की त्यातून किती वसूल होते यावर जाणत्याची कमाई ठरते.

इथे तिर्रट पोकरपासून वेगळी पडते. पोकरमध्ये पुढे उघडणाऱ्या पानांनी समोरच्याचा हात सुधारू शकतो, म्हणून त्याला लवकर मोठी किंमत मोजायला लावतात. तिर्रटमध्ये वाटलेली पाने बदलतच नाहीत. ट्रेल हाती असेल तर घाई कशाचीच नसते. नवखा जोडीवर अडून बसला असेल, तर त्याला पेलेल एवढीच चाल ठेवून फेऱ्या वाढवणे फायद्याचे. साइड शो, म्हणजे दोघांनी आपसांत पाने ताडून पाहणे, मागू नये आणि त्याने मागितला तर देऊ नये, कारण हरणारा तिथेच पॅक होतो आणि पैसे टाकणारा एक हात कमी होतो. अशा माणसासमोर थाप मारणे मात्र व्यर्थ. तो पॅकच होत नाही. समोरचा ब्लाइंड असेल तर हिशेब फिरतो: त्याच्या एका रुपयामागे आपले दोन जातात. कलरलाही अजिंक्य समजू नये. समोर पाच जण असतील तर साधारण तीनांत एकदा कोणाकडे तरी कलर किंवा त्याहून वरचे पान असते.

हे सारे कौशल्य ज्याच्यावर चालते तो दुबळा खेळाडू बहुधा गमावलेले परत मिळवायला बसलेला असतो. त्याचे नुकसान नशिबापेक्षा पॅक न होण्याच्या सवयीने होते, हे त्याला कोणीतरी आकड्यांनिशी दाखवायला हवे.

कायद्याकडे वळायचे तर, नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या जुगार कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर चाललेल्या के. सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानले आणि तीन पानी ‘फ्लश’ला, म्हणजे याच जातीच्या खेळाला, निव्वळ नशिबाचा. पाने वाटण्यापुरते ते खरेच आहे. चालीला ते पुरेसे लागू पडत नाही. महाराष्ट्रात आज १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. त्या बंदीत कौशल्य आणि नशीब असा भेद नाही.