चिखल, रक्त आणि हिरवे रान : रॉयल टँक रेजिमेंटची शंभर वर्षे

१/ गडकिल्ले फिरणाऱ्यांना ‘टाके’ ठाऊक असते : कातळात खोदलेला पाण्याचा साठा. इंग्रजीतील ‘टँक’ शब्दाचे मूळ काही कोशकार गुजराती-मराठीतील याच शब्दाशी जोडतात. पाण्याच्या टाकीचे नाव एका युद्धयंत्राला कसे मिळाले, आणि ते यंत्र वापरायला शिकताना एका रेजिमेंटने काय किंमत मोजली, त्याचा हा इतिहास.

२/ १९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडी गोठली होती. दोन्ही बाजूंना खंदक, मध्ये काटेरी तारा, आणि पुढे सरकणाऱ्या पायदळाला कापून काढणाऱ्या मशिनगन. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एक समिती नेमली. तिचे नाव ‘लँडशिप्स कमिटी’, म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या जहाजांची समिती!

३/ लिंकन शहरात शेतीची यंत्रे बनवणाऱ्या विल्यम फॉस्टर कंपनीत विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी हे यंत्र घडवले. गुप्तता राखण्यासाठी ‘पाण्याच्या टाक्या बनत आहेत’ अशी बतावणी करण्यात आली आणि ‘टँक’ हे नाव कायमचे चिकटले. इंग्रजीने जे लपवले ते मराठीने मात्र उघड सांगितले : रणगाडा.

४/ पहिला ‘मार्क १’ रणगाडा सुमारे २८ टनांचा होता. आत ८ माणसे, वेग ताशी जेमतेम ६ किलोमीटर. इंजिन माणसांच्या मधोमध उघडेच असे. उष्णता असह्य आणि हवा विषारी धुराने भरलेली. वळण घ्यायचे तर चौघांना मिळून काम करावे लागे. निरोप पाठवण्यासाठी सोबत कबुतरे असत.

५/ १५ सप्टेंबर १९१६. सोमच्या रणभूमीवर, फ्लेर गावाजवळ, रणगाडे प्रथमच युद्धात उतरले. ४९ नेमले होते, आरंभरेषेपर्यंत तीसेकच पोहोचले. काही बिघडले, काही खड्ड्यांत रुतले. फ्लेर गाव हाती आले, पण आघाडी फुटली नाही. यंत्र तयार होते. ते वापरायचे कसे, हे मात्र अजून कोणालाच नीट उमगले नव्हते.

६/ २८ जुलै १९१७ रोजी ‘टँक कोअर’ हे स्वतंत्र दल स्थापन झाले. त्याच काळात बेल्जियममधील ईप्रच्या चिखलात रणगाडे बुडत होते. ४ ऑक्टोबर रोजी कॅप्टन क्लेमेंट रॉबर्टसन यांनी रणगाड्यांपुढे पायी चालत, गोळ्यांच्या वर्षावात, त्यांना घट्ट जमिनीची वाट दाखवली. रणगाडे पार झाले, रॉबर्टसन मारले गेले. टँक कोअरचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला.

७/ २० नोव्हेंबर १९१७, काँब्रे. या वेळी जमीन कोरडी निवडली आणि आधीचा दीर्घ तोफमारा टाळला. रुंद खंदक बुजवण्यासाठी रणगाड्यांवर फांद्यांचे मोठे भारे होते. एकूण ४७६ रणगाड्यांपैकी ३७८ लढाऊ. ब्रिगेडियर जनरल ह्यू एलिस स्वतः ‘हिल्डा’ नावाच्या रणगाड्यातून पुढे निघाले. त्यांच्या ध्वजावर तपकिरी, लाल आणि हिरवा असे तीन रंग होते : चिखल, रक्त आणि त्यापलीकडचे हिरवे रान.

८/ एका दिवसात सुमारे ८ किलोमीटर मुसंडी! इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजल्या. पण पहिल्याच दिवशी १७९ रणगाडे निकामी झाले होते आणि यश टिकवायला ताजी राखीव फौज नव्हती. ३० नोव्हेंबरच्या जर्मन प्रतिहल्ल्यात जिंकलेली बरीच भूमी गेली.

९/ १९२३ मध्ये दलाला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. नंतर काळी बेरे टोपी आली. तिच्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. या दलाची प्रशिक्षणशाळा अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथेही होती. भारतीय चिलखती दलाचे जवान आजही काळी बेरेच घालतात.

१०/ दोन युद्धांमधला खरा झगडा मात्र विचारांचा होता. रणगाडा पायदळाचा मदतनीस, की वेगाने खोलवर घुसणारे स्वतंत्र शस्त्र? १९२७ मध्ये ब्रिटनने यांत्रिक दलाचा प्रयोग केला आणि लवकरच तो गुंडाळला. जर्मन अधिकारी मात्र त्यावरून धडे घेत होते.

११/ पर्सी होबार्ट हे स्वतंत्र रणगाडा दलाचे कट्टर पुरस्कर्ते, जन्म नैनितालचा. इजिप्तमध्ये त्यांनी घडवलेले दल पुढे ‘डेझर्ट रॅट्स’ म्हणून गाजले. वरिष्ठांशी न पटल्याने त्यांना निवृत्त करण्यात आले आणि हा मेजर जनरल १९४० मध्ये होमगार्डात लान्स कॉर्पोरल झाला! चर्चिल यांनीच त्यांना परत बोलावले.

१२/ ४ एप्रिल १९३९ पासून दलाचे नाव रॉयल टँक रेजिमेंट झाले. २१ मे १९४० रोजी फ्रान्समधील आरास येथे तिच्या ४ थ्या आणि ७ व्या बटालियनने ७४ रणगाड्यांनिशी रोमेलच्या सैन्यावर हल्ला चढवला. माटिल्डा रणगाड्यांचे चिलखत जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांना भेदता येईना. अखेर मोठ्या तोफांनी हल्ला रोखला. दोन्ही बटालियनचे प्रमुख त्या दिवशी पडले.

१३/ डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात ७ व्या बटालियनचे माटिल्डा आणि ४ थी भारतीय डिव्हिजन यांनी मिळून निबेवाची इटालियन छावणी घेतली. पण जून १९४१ मध्ये हलफाया खिंडीत जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफांनी ४ थ्या बटालियनच्या एका स्क्वाड्रनचे जवळपास सर्व माटिल्डा फोडले. कालचे अभेद्य चिलखत आज अपुरे ठरले.

१४/ ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर होबार्ट यांच्या डिव्हिजनची चमत्कारिक यंत्रे उतरली : साखळ्या आपटत सुरुंग फोडणारे, पाण्यात तरंगणारे, खंदकांवर पूल टाकणारे रणगाडे. ज्याला घरी बसवले होते, त्याच्याच कल्पकतेने असंख्य पायदळ सैनिकांचे प्राण वाचवले.

१५/ युद्धकाळात २४ बटालियनपर्यंत वाढलेली ही रेजिमेंट नंतर विलीनीकरणांत आटत गेली. २ ऑगस्ट २०१४ रोजी उरलेल्या दोन रेजिमेंट एकत्र झाल्या.

१६/ अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक माटिल्डा आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर प्रथम नजरेत भरते ते पोलाद. पण फ्लेर, काँब्रे आणि हलफाया या तिन्ही ठिकाणी निकाल केवळ पोलादाने लावला नाही. कोणत्या जमिनीवर, कोणाच्या साथीने आणि कोणत्या तोफांसमोर रणगाडे पाठवायचे, हा निर्णय सेनापतींचा होता. तो चुकला की किंमत आतल्या माणसांनी मोजली.